मामाचा लोहचुंबक आणि माझा नैवेद्य

रत्नागिरीच्या बंदरात ज्याची स्वतःची बोट आहे, त्याचा खिसा उलटा केला तर तीन वस्तू हमखास निघतील. तंबाखूची पुडी, मोबाइल आणि लोहचुंबक. मोबाइल घरी विसरेल, पण लोहचुंबक विसरणार नाही. दुकानात शिरायचं, भिंतीला टेकून ठेवलेल्या स्टेनलेसच्या कांबीला, म्हणजे बारला, चुंबक लावायचा, चिकटला तर तोंड वाकडं करायचं, नाही चिकटला तर "अस्सल हाय" म्हणून मान डोलवायची. एवढ्यावर बार पास की नापास हे ठरतं. बापाने मुलाला शिकवलं, मुलाने नातवाला, आणि कुणाला त्यात काही चुकीचं आहे असं वाटलं नाही.

माझ्या मामाचा चुंबक सगळ्यांत मोठा होता. भजनी मंडळाचा जुना स्पीकर फाटला तेव्हा त्यातून तो त्याने काढून घेतला होता. मेदूवड्याएवढा, मध्ये भोक, आणि त्या भोकात जाळ्याची नायलॉनची दोरी ओवून बोटीच्या किल्ल्या अडकवलेल्या. मामा चालायला लागला की खिशातून खुळखुळ यायची. बारशाला गेला तरी पाळण्याच्या दांडीला चुंबक लावून बघेल, असा माणूस.

माझं मिरजोळ्याला लेथचं, म्हणजे धातू कातून भाग बनवायचं, दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून परत आले आणि त्यांच्यामागे ते चालवते आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक जुनं मिलिंग. वर्षभर आंबा कॅनिंगच्या कारखान्यांचे सुटे भाग आणि पंपांचे शाफ्ट, आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बोटींची कामं. नवीन गिऱ्हाईक अजून दारात येऊन माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि विचारतं, "शेठ कुटं हायत?" मी हातातला टूल खाली न ठेवता म्हणते, "शेठ लेथवर आहेत, बोला." काही बोलतात, काही "मग येतो" म्हणून सटकतात. जे सटकतात ते सहसा दोन दिवसांनी परत येतात, कारण शाफ्ट वाट बघत नाही.

माझ्या दुकानात एक नियम आहे, आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. कुठलाही बार, कुठूनही आलेला, कितीही ओळखीच्या माणसाचा असो, त्याचा शाफ्ट करण्याआधी टोकाला चाचणीचा काप घ्यायचा. टूलला नवीकोरी टीप, म्हणजे कापणारं टोक, लावायची, वेग ठरलेला, पुढे सरकण्याची गती ठरलेली, खोली ठरलेली. वीतभर कापायचं आणि थांबायचं. मग भिंग घेऊन टीप किती झिजली ते बघायचं. चिप, म्हणजे कापताना निघणारी धातूची साल, कशी निघाली ते बघायचं, लांब की तुटक, निळी पडली की पांढरी राहिली. मोटर किती करंट ओढत होती ते मीटरवर बघायचं. कापलेल्या अंगावर नख फिरवायचं. शेवटी त्या टोकाचा दोन बोटं जाडीचा तुकडा कापून, त्यावर रंगाने खूण करून, खिडकीतल्या फळीवर ठेवायचा. माझे मिस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचे. ते या तुकड्याला नैवेद्य म्हणतात. "ताई, आधी तुमच्या देवाला दाखवा, मग आम्ही जेवू," असं म्हणून हसतात. हसले तरी नियम पाळतात.

पुस्तकात या परीक्षेला भारदस्त नाव आहे. दुकानात आम्ही एवढंच विचारतो, "कापायला कसा आहे?" पुस्तकवाले सहज कापल्या जाणाऱ्या एका लोखंडाला शंभर गुण देतात आणि बाकी सगळ्या धातूंना त्याच्या तुलनेत गुण वाटतात. वर्गातल्या पहिल्या नंबरच्या पोराशी सगळ्यांची तुलना करायची, तसंच. समुद्राला टिकणारं चांगलं स्टेनलेस या परीक्षेत निम्म्याच्याही खाली राहतं. चिवट, हट्टी, गरम डोक्याचं. त्याची चिप तुटत नाही, लांबच लांब निघते आणि बार धरणाऱ्या चकभोवती गुंडाळते. आणि त्याची सगळ्यांत वाईट खोड म्हणजे दबकत टूल लावलं, नुसतं घासलं, की ते जागच्या जागी आणखी कठीण होतं. त्याला कापायचं असेल तर एकदाच, पूर्ण खोलीने, न थांबता आत शिरावं लागतं. माझ्या आजोळची माणसं थेट याच जातीची आहेत, हे मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

आजोळ म्हणजे भाट्याचा पूल ओलांडून नारळ संशोधन केंद्राच्या अलीकडे, खाडीच्या काठी. मामाने मला त्या खाडीत पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे होडीतून ढकललं आणि "हात मार गो" म्हणाला. मी हात मारले. आजही कुठलं काम अंगावर आलं की मला तोच आवाज ऐकू येतो. मामाला एकच बोट, आणि गेल्या दोन हंगामांपासून तिच्यावर इंजिन सांभाळायला त्याचा मुलगा जातो. माझा मामेभाऊ. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन फिरवलेला.

यंदा बंदी लागली, बोट खाडीच्या काठावर ओढली, नारळाच्या झापांनी शाकारली, आणि मागचा पंखा काढला तेव्हा कळलं की शाफ्ट पार खलास झालाय. पंख्याला इंजिनशी जोडणारा जो दांडा बोटीच्या बुडातून बाहेर जातो, तो शाफ्ट. तो समुद्रात तुटला तर बोटीची ताकद गेली, आणि वारा असेल तर माणसांचंही काही खरं नाही. मामा माझ्याकडे आला. "बाय, नवीन करून टाक. चांगला कर. पोरगा हाय बोटीवर." एवढं बोलून तो चहा न पिता गेला. मामा चहा न पिता गेला म्हणजे काम गंभीर आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

मी चांगल्या मालाचा बार मागवला. खाऱ्या पाण्यात टिकणारा, त्या कामासाठीच बनवलेला. आला तसा मामाला फोन केला. तो आला, खिशातून तो मेदूवडा काढला आणि बारच्या टोकाला लावला. चुंबक लटकला. घट्ट नाही, जरा हात लावला तर पडेल असा, पण लटकला.

मामाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला शिळी सुरमई ताजी म्हणून विकली.

"ह्या लोखंड हाय."

"मामा, लोखंड नाही. हा बार साच्यातून ओढून बारीक केलेला असतो. ओढला, दाबला, की थोडा चुंबक धरतो. चांगला स्टेनलेससुद्धा धरतो."

"चिकटतोय म्हंजे लोखंड."

"चिकटतो म्हणजे लोखंड नाही, आणि नाही चिकटत म्हणजे चांगला नाही. चुंबकाला गंज कळत नाही, मामा."

"आमी काय आजचं हाव काय? तुजा आजा ह्याच चुंबकानं..." इथे तो थांबला, कारण आजोबांच्या वेळी हा स्पीकर मंडळात गाणी वाजवत होता. पण त्याने मुद्दा सोडला नाही. मी पुन्हा समजावलं. हळू आवाजात, सांभाळून, मोठ्यांशी बोलावं तसं. जितकं सांभाळून बोलले तितका तो ताठ होत गेला. शेवटी म्हणाला, "बार मी आणतंय. तू फक्त काप."

आणि त्याने आणला. कुणाच्या तरी ओळखीने, एका मोठ्या कारखान्याचा उरलेला माल म्हणून. टेम्पोतून उतरवताना तो आरशासारखा चमकत होता. मामाने दारातच त्याला चुंबक लावला, चुंबक सरळ घसरून दोरीला लोंबकळला, आणि मामाचा चेहरा असा फुलला की मलाही क्षणभर बरं वाटलं. त्याने बारला हळद-कुंकू लावलं, पायरीवर नारळ फोडला, पाणी बारवर शिंपडलं. मिस्त्री पुटपुटले, "लेथवर नको शिंपडू दे रे देवा, बेड गंजेल." मग मामा स्टूल ओढून बसला. माझा नियम त्याला ठाऊक होता. "कर तुजा नैवेद्य," म्हणाला. "माजा बार पळून जात नाय."

मी नवीन टीप लावली आणि काप सुरू केला.

काय कापत होता तो! आवाज एकसारखा, नितळ. चिप गुंडाळत नव्हती, लहान लहान तुकडे होऊन ट्रेमध्ये टपटप पडत होती, चिवड्यातल्या पोह्यांसारखी. मीटरचा काटा खाली. कापलेलं अंग गुळगुळीत, त्यात मिस्त्रींचं टक्कल दिसावं असं. मिस्त्रींनी आयुष्यभर स्टेनलेसच्या चिपांनी बोटं कापून घेतली होती. ते खूश होऊन म्हणाले, "ताई, लोण्यासारखा चाललाय! आज संध्याकाळपर्यंत शाफ्ट देतो." मामाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मी मात्र मशीन बंद केली.

टीप भिंगाखाली धरली. झीज जवळजवळ नाहीच. पुन्हा एक काप घेतला, तसाच, आणि टोकाचा तुकडा कापून फळीवर ठेवला. मग माझा चांगला बार आला त्याच दिवशी घेतलेल्या नैवेद्याचे आकडे आठवले, त्या वेळच्या लांबलचक निळ्या चिपा आठवल्या. इथे स्टेनलेस म्हणवणारा हा बार वर्गातल्या पहिल्या नंबरच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसला होता. स्टेनलेस इतकं गुणी नसतं. ते इतकं गुणी होतं तेव्हा त्याला कुणीतरी मुद्दाम तसं केलेलं असतं.

तसं करतात, आणि त्यात लबाडी नाही. ज्यांना हजारो नट-बोल्ट भराभर कापायचे असतात, त्यांच्यासाठी स्टेनलेसमध्ये गंधक घालतात. गंधकामुळे चिप तुटते, टूल टिकतं, काम पटकन होतं. चुंबक त्यालाही चिकटत नाही. कोरड्या जागी तो नट वर्षानुवर्षं चमकत राहतो. पण जिथे ते गंधकाचे कण वर येतात तिथे खारं पाणी दात लावतं. बोटीच्या बुडात, शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशच्या आत, जिथे पाणी अडून बसतं, तिथे बारीक बारीक भोकं पडायला लागतात. वरून दिसत नाहीत. एक दिवस शाफ्ट त्या भोकातून तडकतो.

नुसत्या कापण्यावरून धातूची पत्रिका मांडता येत नाही, हे मला कळतं. पण कापण्यावरून शंका घेता येते, आणि मला शंका आली होती.

मी मामाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, आणि तेच वाईट लक्षण होतं.

"म्हंजे तुज्या बारला चुंबक चिकटतोय, तो कापायला जड, तो चांगला. माज्या बारला चिकटत नाय, कापायला सोपा, तो वायट. आसं म्हणतंस?"

"असंच म्हणते."

"डिप्लोमा केलास म्हणून जगाच्या उलट चालतंस काय गो?"

"मामा, हा शाफ्ट मी करणार नाही."

आजवर मी मामाला नाही म्हटलेलं नव्हतं. मिस्त्री उगाच ट्रेमधली चिप गोळा करायला लागले. मामा उठला, म्हणाला, "गावात तुज्या एकटीचाच लेथ हाय काय?" आणि तासाभरात टेम्पो परत बोलावून बार घेऊन गेला. नैवेद्याचा तुकडा फळीवर राहिला, हळद-कुंकवासकट.

मला राग आला होता. सरळ सांगते, मला त्याचा इतका राग आला होता की रात्री जेवताना आईशी एक शब्द बोलले नाही, आणि तिचा काय संबंध होता? आई म्हणाली, "भाऊ माझा, लेक माझी. मी कुणाच्या बाजूने बोलू? आमटी घे." आमटी घेतली. रागाच्या खाली भीती होती, आणि भीती त्या पोराची होती. ज्याला मी कडेवर घेतलं तो आता त्या शाफ्टच्या भरवशावर किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जाणार होता.

दुसऱ्या दिवशी मी ज्या दुकानात बार गेला होता तिथे फोन केला. माणूस सज्जन. म्हणाला, "ताई, मटेरियल गिऱ्हाईक देतं, आपण जॉब करतो. आणि बार कापायला एकदम झकास आहे." त्याचं काय चुकलं? झकास कापल्या जाणाऱ्या बारला कोण नाव ठेवेल? मी नैवेद्याच्या तुकड्यातला एक काप कोल्हापूरला तपासायला पाठवला. उत्तर आलं, गंधक आहे, भरपूर आहे. ते मी मामाला फोनवर वाचून दाखवायला गेले तर म्हणाला, "कागद समुद्रात भिजतो," आणि फोन ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दबकत टूल लावते आहे. समजावते आहे, घासते आहे, आणि तो कठीण होतो आहे. बोलणं बंद केलं पाहिजे आणि आत शिरलं पाहिजे.

मी भाट्याला गेले, मामा काठावर बोटीच्या कामात असताना. मामी मागच्या पडवीत होती. मामी मासे खारवते, तिच्याकडे मिठाच्या पाण्याची पिंपं असतात, आणि मीठ काय काय खातं हे तिच्याइतकं कुणी बघितलेलं नाही. मी तिच्यासमोर दोन तुकडे ठेवले. एक मामाच्या बारचा, एक माझ्या बारचा. दोन्हींना सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली, म्हणजे बुशमध्ये अडतं तसं खाली पाणी अडेल.

"मामी, तुझं उरलेलं खारवणीचं पाणी टाकून देऊ नकोस. हे दोन त्यात पडू देत. मामाला सांगू नकोस."

तिने दोन्ही तुकडे हातात घेऊन जोखले. "पोराच्या शाफ्टाचं काय?"

"हो."

तिने पिंपाचं झाकण उघडून दोन्ही तुकडे आत सोडले आणि हात पदराला पुसले.

इकडे मी माझा बार लेथवर चढवला. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणाची ऑर्डर नव्हती. मिस्त्रींनी विचारलं, "ताई, हा कुणासाठी?" मी म्हटलं, "मामासाठी." ते म्हणाले, "मामांनी तर केला दुसरीकडे." मी म्हटलं, "मिस्त्री, टीप लावा."

तो बार कापणं म्हणजे रोजची मारामारी. वेग कमी, कूलंट भरपूर, काप खोल. चिप सापासारखी वळवळत यायची, ती हुकने ओढून काढावी लागायची. जरा हात सैल पडला की तो भाग काचेसारखा कडक व्हायचा आणि पुढची टीप तिथे फुटायची. फुटलेल्या टिपांनी चहाचा एक डबा भरत आला. एके दिवशी मिस्त्री डबा हलवून म्हणाले, "ताई, आपण बार कापतोय की बार आपल्याला?" मला हसू आलं, त्या सबंध आठवड्यातलं पहिलं. पण प्रत्येक फुटलेली टीप बघून मला आतून बरं वाटत होतं. जो आपल्या टूलला इतका नडतो तो समुद्रालाही नडेल, असं नाही म्हणता येत, पुस्तकात असं कुठेच लिहिलेलं नाही. तरी मला वाटत होतं.

शाफ्ट झाला. इंजिनकडचं टोक झालं, बुशची जागा झाली, आणि शेवटी फक्त पंख्याकडचं टोक राहिलं. तिथे शाफ्ट निमुळता करावा लागतो आणि त्या निमुळत्या भागावर पंखा बसतो. प्रत्येक पंख्याचं भोक थोडं वेगळं, जुनं, झिजलेलं. म्हणून पंखा हातात असल्याशिवाय ते टोक पूर्ण करता येत नाही. आतून निळा रंग लावायचा, पंखा चढवून बघायचा, कुठे टेकतो ते बघून पुन्हा घासायचं. पंखा मामाकडे होता. दुसऱ्या शाफ्टवर बसवलेला.

मी शाफ्ट लेथवरून उतरवला नाही. एकदा उतरवला की पुन्हा तसाच सरळ चढवणं कठीण, हे खरं कारण. दुसरं कारण हट्ट. मोठा लेथ अडकून पडला. बाकीच्यांची कामं मी लहान लेथवर घेतली, जी बसत नव्हती ती परत पाठवली. मिस्त्री रोज सकाळी त्या शाफ्टवर तेलाचा फडका फिरवायचे आणि सुस्कारा सोडायचे. वाटेने जाणारे बोटवाले आत डोकावून विचारायचे, "कुणाचा हो?" मी सांगायचे, "माझ्या मामाचा. पंखा यायचाय." आजोळच्या माणसांना बंदरात काय काय ऐकावं लागलं असेल याची मला कल्पना होती, आणि खरं सांगायचं तर ते ऐकू जावं म्हणूनच मी सांगत होते.

बंदी उठायला थोडे दिवस राहिले तेव्हा मामीचा फोन आला. "ये गो."

पडवीत आम्ही दोघींनी पिंप उघडलं. पाण्यातून काढून ट्यूबच्या पट्ट्या सोडल्या. माझ्या बारचा तुकडा जरा मंद पडला होता, बाकी होता तसा. मामाच्या बारच्या तुकड्यावर तपकिरी ओघळ आले होते, आणि पट्टी होती तिथे सुईने टोचल्यासारखी भोकंच भोकं. मामीने त्यांवर नख फिरवलं. नख अडकलं. तिने पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. घरातलं पिंप म्हणजे समुद्र नव्हे, तिथे मीठ जास्त, दिवस कमी, हे मी तिला सांगायला लागले तर म्हणाली, "माका मीठ शिकवू नको. तू जा आता. पुढचं माज्यावर सोड."

पुढचं काय झालं ते तिनेच संध्याकाळी फोनवर सांगितलं. दुपारी मामा जेवायला बसला. तिने ताटात भात वाढला, सुकटीची चटणी वाढली, आणि चटणीच्या शेजारी ते दोन तुकडे वाढले. मामा म्हणाला, "ह्या काय?" ती म्हणाली, "तुमच्या दोन बारांची भजी. खाऊन बगा, कुठली टिकतात." त्याने तुकडे उचलले, उलटे केले, भोकांवर नख फिरवलं. मग ते ताटाबाहेर ठेवून जेवला. "जेवला मात्र सगळा," मामी म्हणाली. "चटणी परत मागून घेतलीन."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. बंदरात बोटी खाली उतरवायला सुरुवात झाली होती, झापं काढली जात होती, रंगाचे वास येत होते. बोट एकदा पाण्यात गेली की मग शाफ्ट बदलायला ती पुन्हा वर ओढावी लागते, आणि हंगामाच्या तोंडावर कोण ओढणार? मी दर गाडीच्या आवाजाला दाराकडे बघत होते. मिस्त्रींनी विचारलं, "ताई, उतरवायचा का आता शाफ्ट?" मी म्हटलं, "नाही." त्या "नाही"त माझ्याकडे किती जोर उरला होता कुणास ठाऊक.

आणि मग एका सकाळी टेम्पो येऊन उभा राहिला. पुढून मामेभाऊ उतरला, मागून मामा. दोघांनी मिळून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड उचललं, डुगडुगत आत आणलं, आणि माझ्या पायापाशी जमिनीवर ठेवलं. मामाने पोतं ओढलं. पितळी पंखा होता, तीन पात्यांचा, भोकाच्या कडेला अजून ताजं ग्रीस. म्हणजे दुसरा शाफ्ट बोटीतून काढून टाकला होता.

मी त्याच्याकडे न बघता वाकून भोक पुसायला लागले.

"कापायला लय त्रास झाला काय गो?" मामाने विचारलं.

मी टिपांचा डबा उचलून त्याच्या हातात दिला. त्याने तो हलवला, झाकण उघडून आत बघितलं, एक फुटकी टीप काढून उजेडात धरली, परत ठेवली आणि डबा मिस्त्रींकडे दिला.

"बसव," तो म्हणाला.

दिवसभर आम्ही ते टोक करत होतो. निळा रंग लावायचा, पंखा चढवायचा, काढायचा, बघायचा, घासायचं. मामा आणि मामेभाऊ पंखा उचलून द्यायचे, मिस्त्री आणि मी बसवायचो. आधी रंग एका बाजूलाच टेकत होता. मग दोन ठिकाणी. मग गोल कडेला. उन्हं उतरली तेव्हा निळा सगळीकडे सारखा पसरला, आणि पंखा असा बसला की चौघांनी मिळूनही हलेना. मामेभाऊ म्हणाला, "आता निघणार नाय." मामा म्हणाला, "गप, आसं बोलू नये."

शेवटी पुलर लावून पंखा ओढून काढला, शाफ्ट लेथवरून उतरवला, स्टँडवर ठेवला. मोठा लेथ मोकळा झाला. मामाने पिशवीतून नारळ काढला, पायरीवर फोडला, आणि या वेळी पाणी शिंपडताना मिस्त्रींनी आधीच बेडवर फडका टाकला. खोबऱ्याचा पहिला तुकडा मामाने खिडकीतल्या फळीवर, नैवेद्याच्या तुकड्यांच्या रांगेत ठेवला. मग आम्हाला दिला.

टेम्पोत शाफ्ट चढवायच्या आधी मामाने सवयीने खिशात हात घातला. खुळखुळ झाली. तो स्पीकरचा मेदूवडा बाहेर आला, आणि मी काही बोलायच्या आत त्याने तो शाफ्टच्या टोकाला टेकवला. चुंबक हळूच पकडून राहिला.

"चिकटतोय," मामा म्हणाला.

मामाने पोराकडे बघितलं. पोरगा टेम्पोच्या फाळक्याला हात लावून उभा होता. मग मामाने चुंबक सोडवून खिशात टाकला आणि शाफ्टच्या त्या टोकाला स्वतः हात घातला.

"चिकटू दे. उचल."